वलवण धरण : घाटमाथ्यावरचं पाणी कोकणात उतरवणाऱ्या इंजिनियरांची गोष्ट

पावसाळ्यात लोणावळ्याच्या रील्सचा पूर आला की त्यात नव्वद टक्के वेळा भुशी डॅम असतो. पायऱ्यांवरून वाहणारं पाणी, भजी, कणीस, आणि मागे कुणाचं तरी गाणं. भुशीचं धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून ब्रिटिश काळात बांधलं गेलं, हेही आता बऱ्याच जणांना माहीत झालंय.

पण लोणावळ्यात एक्सप्रेस वेवरून उतरताना ज्या वलवणचं नाव पाटीवर वाचता, त्या वलवणला भुशीपेक्षा कितीतरी मोठं धरण आहे. साधारण २६ मीटर उंच, सव्वा किलोमीटरपेक्षा लांब, दगडी. शंभर वर्षांहून जुनं. तिथे पायऱ्यांवर बसून भिजता येत नाही, त्यामुळे रील्समध्ये ते फारसं दिसत नाही.

या धरणाची खरी गंमत भिंतीत नाहीच. ती आहे पाणी जिकडे जातं त्या दिशेत. वलवणच्या भागातलं पाणी निसर्गाने पूर्वेला पाठवलं होतं. इंद्रायणीतून देहू, आळंदी, तिथून तुळापूरला भीमेत, मग उजनी, पंढरपूर, पुढे कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. काही इंजिनियरांनी ठरवलं की हे पाणी पश्चिमेला न्यायचं. तेव्हापासून ते खोपोलीत उतरतं, पाताळगंगेला मिळतं आणि अरबी समुद्रात जातं.

म्हणजे एका इंजिनियरच्या करिअरमधल्या एका निर्णयाने पाण्याचा समुद्रच बदलला. तो निर्णय कसा झाला, आणि त्याचा हिशेब आजही का संपलेला नाही, ते बघूया.

आधी प्रश्न काय होता?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई म्हणजे गिरण्यांची मुंबई. गिरण्या चालायच्या वाफेवर, वाफ व्हायची कोळशावर, आणि कोळसा मुंबईच्या आसपास कुठेच नाही. तो बंगालकडून किंवा थेट परदेशातून आणावा लागायचा. खर्च प्रचंड आणि वर धुराने काळवंडलेलं शहर.

डेव्हिड गॉस्टलिंग नावाचे मुंबईतले एक वास्तुविशारद होते. लोणावळ्याला पडणारा पाऊस आणि समोरचा खोल कडा बघून त्यांच्या डोक्यात आलं की हे पाणी साठवून खाली सोडलं तर त्यावर मुंबईच्या गिरण्या चालतील. कल्पना जमशेटजी टाटांपर्यंत पोहोचली आणि त्यांनी ती उचलून धरली. १९०४ मध्ये जमशेटजी गेले. पुढचं काम दोराबजी टाटांनी नेलं.

पैशाचीही अडचण होती. लंडनचे भांडवलदार काही पटकन पुढे येईनात. शेवटी भारतीय संस्थानिक आणि इथल्या गुंतवणूकदारांकडून भांडवल उभं राहिलं आणि नोव्हेंबर १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. फेब्रुवारी १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात पायाभरणी झाली. चार वर्षांनी, फेब्रुवारी १९१५ मध्ये, गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी बटण दाबलं आणि खोपोलीची वीज मुंबईकडे निघाली.

गव्हर्नरांची नावं अशी तारखेसकट सापडतात. ज्यांनी आकडेमोड केली त्यांची नावं शोधावी लागतात. विजेच्या बाजूचे सल्लागार होते आल्फ्रेड डिकिन्सन. धरणं आणि पाणी वाहून नेण्याची रचना हे काम होतं आर. बी. जॉयनर यांच्याकडे. जॉयनर मुंबई इलाख्याच्या सरकारी बांधकाम खात्यातले, सिंचनाच्या कामात मुरलेले. खात्यात पाटबंधारे शिकलेला माणूस एका खासगी वीज कंपनीची धरणं आखायला आला, हे लक्षात ठेवा. त्याचा संदर्भ पुढे येईल.

धरण बांधणारा इंजिनियर नेमकं करतो काय?

आपल्याला वाटतं की भिंत बांधतो. भिंत खूप नंतर येते.

पहिलं काम पाऊस मोजण्याचं. लोणावळ्याला वर्षाला साधारण ४००० मिलिमीटर, कधी त्याहून बराच जास्त पाऊस पडतो. पुणे शहरात पडतो त्याच्या पाच-सहा पट. पण तो सगळा चार महिन्यांत. गिरणी मात्र बारा महिने चालते. मग प्रश्न असा की जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडलेलं पाणी पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं तर किती साठवावं लागेल? आणि एखादं वर्ष कोरडं गेलं तर? इथे सरासरी फार कामाची नसते. इंजिनियरला सगळ्यात वाईट वर्ष हवं असतं आणि सगळ्यात भयंकर दिवसही. कमीत कमी पावसावर तलावाचा आकार ठरतो आणि जास्तीत जास्त पावसावर सांडव्याचा. सांडवा म्हणजे जादा पाणी भिंतीला इजा न करता बाहेर जावं म्हणून ठेवलेली वाट. धरण फुटण्याच्या गोष्टी काढून बघा, बऱ्याच ठिकाणी सांडवा लहान पडलेला असतो.

दुसरं काम जागा शोधण्याचं. वर पाणी मावेल अशी पसरट दरी हवी, खाली ती अरुंद होत गेलेली हवी आणि तळाशी पक्का खडक हवा. सह्याद्रीचा काळा पाषाण या कामाला चांगला, पण त्यातही थर असतात, भेगा असतात. पाया खणत खणत न पिचलेला खडक लागेपर्यंत खाली जावं लागतं. अंदाजपत्रक फुगतं ते इथे.

मग भिंत. वलवणचं धरण ज्या प्रकारचं आहे त्याला गुरुत्व धरण म्हणतात. म्हणजे पाण्याला थोपवायचं ते भिंतीच्या निव्वळ वजनाने. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. एक मीटर खोलीला दर चौरस मीटरवर एक टन, २६ मीटरला २६ टन. म्हणून अशी भिंत वर निमुळती आणि तळाशी जाड असते. कापून पाहिली तर साधारण त्रिकोण दिसेल.

यात एक छुपा शत्रू असतो. पाणी भिंतीच्या खालून, खडकाच्या भेगांमधून झिरपतं आणि भिंतीला खालून वर उचलायला बघतं. ही गोष्ट इंजिनियरांना फार महागात पडून कळली. १८९५ मध्ये फ्रान्समधलं बूझे धरण फुटलं आणि त्यानंतर जगभर या उचलणाऱ्या दाबाचा गांभीर्याने विचार सुरू झाला. वलवणची आखणी त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी झाली. म्हणजे जॉयनर यांच्या पिढीसमोर तो धडा ताजा होता.

त्या काळात अशी धरणं घाणीत मळलेल्या चुन्यात दगड बसवून उभी राहायची. दगड फोडणारे, घडवणारे, डोक्यावरून चुना वाहणारे हजारो हात लागायचे. इंजिनियरांची नावं निदान शोधल्यावर सापडतात. या हातांची तीही सोय नाही.

खरी करामत कड्यावर आहे

वलवणची भिंत २६ मीटरची. मग त्यात एवढं विशेष काय? महाराष्ट्रात याच्या कितीतरी पट उंच धरणं आहेत.

विशेष आहे ते धरणाच्या जागेत. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथून काही किलोमीटरवर सह्याद्रीचा कडा संपतो आणि खाली खोपोली. पाणी तलावातून उघड्या-झाकलेल्या मार्गांनी जवळजवळ सपाटीवरून कड्यापर्यंत आणायचं, तिथे एका लहान हौदात स्थिर करायचं आणि मग पोलादी नळांतून थेट खाली सोडायचं. उतार मिळतो पाचशे मीटरहून जास्त.

हिशेब सोपा आहे. एक घनमीटर पाणी, म्हणजे आपल्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी, ५०० मीटर खाली आली तर यंत्रांतली घट धरूनही साधारण १.१ युनिट वीज देते. घरातल्या मीटरवर मोजतो तेच युनिट. हीच टाकी एखाद्या धरणाच्या पायथ्याशी २० मीटरवरून पडली तर तेवढ्याच विजेसाठी तशा पंचवीस टाक्या लागतील.

वलवणच्या तलावात सात कोटी घनमीटरहून थोडं जास्त पाणी मावतं. टीएमसीत सांगायचं तर अडीचच्या आसपास. आजच्या मोठ्या धरणांपुढे हे काहीच नाही. पण कड्यामुळे एवढ्याशा पाण्यातून ढोबळमानाने आठ कोटी युनिट निघू शकतात.

नळाच्या तळाशी दाब किती असेल? हवेच्या दाबाच्या पन्नास पट. तिथे पाणी तोटीतून सुटतं ते सैद्धांतिक वेगाने ताशी साडेतीनशे किलोमीटर. ती धार वाट्यांची माळ लावलेल्या चाकावर मारतात आणि चाक फिरतं. त्याला पेल्टन चक्र म्हणतात. हे सगळं १९१५ मध्ये, जेव्हा आपल्याकडे बहुतेक गावांत रॉकेलचा दिवाही चैन होती. तयार झालेली वीज एक लाख व्होल्टवर चढवून सुमारे ७० किलोमीटर लांब परळला नेली. त्या काळात जगातसुद्धा एवढ्या दाबाच्या वाहिन्या मोजक्याच होत्या.

लोणावळा, वलवण आणि नंतर शिरवता अशी तीन धरणं या एका खोपोलीसाठी आहेत. शिरवत्याचं पाणी बोगद्यातून वलवणकडे येतं. खोपोलीचं केंद्र आज ७२ मेगावॅटचं आहे आणि चालू आहे.

दुसरं करिअर : तेव्हाच, जवळच, पण वेगळ्या वाटेने

याच काळात याच जिल्ह्यात आणखी एक इंजिनियर पाण्यावर काम करून गेला होता. नाव सगळ्यांना माहीत आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांच्या वाढदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो.

विश्वेश्वरय्या शिकले पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत. १८८३ च्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले. पहिली नेमणूक नाशिकला. खानदेशात पांझरा नदीचं काम, सिंधमध्ये सक्करचा पाणीपुरवठा, मग पुणे. १८९९ मध्ये त्यांनी कालव्याच्या पाण्यासाठी ब्लॉक पद्धत मांडली. पाणी थोड्याच लोकांच्या उसाला न जाता आळीपाळीने, पिकं बदलत, जास्त शेतकऱ्यांपर्यंत जावं असा त्यामागे विचार होता.

आणि खडकवासला. तिथे धरण होतंच. पुण्याची गरज वाढत होती आणि भिंत उंच करायची तर खर्च मोठा. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीवर गेलं की दरवाजे स्वतःच उघडतात, उतरलं की स्वतःच मिटतात. भिंतीला हात न लावता तलावात सुमारे ८ फूट जास्त पाणी मावू लागलं. १९६१ च्या पानशेत पुरात खडकवासल्याची भिंत फुटली आणि ते जुनं खडकवासला संपलं.

१९०८ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. पुढे हैदराबाद, १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता, १९१२ मध्ये दिवाण, आणि मधल्या काळात कृष्णराजसागर. वलवणची पायाभरणी आणि कृष्णराजसागरच्या कामाची सुरुवात एकाच वर्षातली, १९११ ची.

दोन्ही करिअर एकाच खात्यात सुरू झाली. एकात पाणी कुणाच्या शेतात, किती दिवसांनी जाईल याचा हिशेब होता. दुसऱ्यात तेच शास्त्र वापरून पाणी किती उंचीवरून पडेल याचा. मला यात एक चांगला आणि एक वाईट असं करायचं नाही. वीज ही सुद्धा सार्वजनिक गरजच आहे. फक्त पाटबंधाऱ्यातलं पाणी वापरल्यावरही त्याच खोऱ्यात झिरपतं, ओढ्याला लागतं. वलवणचं पाणी खोरं सोडून जातं, आणि परत येत नाही.

मग मावळातल्या माणसांचं काय?

त्या काळच्या अंदाजपत्रकात दगड होता, चुना होता, नळ होते, मजुरी होती. जमिनीचा मोबदला होता. पुनर्वसन नावाचा रकाना नव्हता. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकार खासगी कंपनीसाठीही जमीन घेऊ शकत होतं.

लोणावळ्याची योजना यशस्वी झाल्यावर टाटांनी दक्षिणेला आणि उत्तरेला हेच पुन्हा केलं. आंध्रा खोऱ्यात ठोकरवाडी धरण आणि खाली भिवपुरी. मग मुळा-निळेच्या संगमावर मुळशी धरण आणि खाली भिरा. मुळशीला मात्र मावळे उठले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांचं नेतृत्व, विनायकराव भुस्कुटे सोबतीला. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ केलं. पन्नासच्या वर गावांचा प्रश्न होता. लढा तीन वर्षं चालला, तुरुंग भरले, आणि शेवटी धरण झालंच. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी मुळशीला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटलंय.

महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ मध्ये. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य होतं, पण वलवण-मुळशीच्या लोकांसाठी तो पन्नास-साठ वर्षं उशिरा आला.

आज हे पाणी कोण पितं?

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते.

खोपोलीत चाक फिरवून बाहेर पडणाऱ्या पाण्याला अवजल म्हणतात. सुरुवातीला ते म्हणजे उरलेलं पाणी, समुद्रात जाणारं. मग त्याच्या काठाने शहरं वाढली. पाताळगंगेवर रसायनी-पाताळगंगा परिसरातली औद्योगिक वसाहत आणि पनवेलच्या बाजूचा पाणीपुरवठा अवलंबून आहे. भिवपुरीचं अवजल उल्हास नदीत जातं, आणि उल्हासवर बदलापूर, अंबरनाथ, कल्याण-डोंबिवलीसारखी शहरं तहान भागवतात. भिऱ्याचं अवजल कुंडलिकेत येतं. कोलाडचं राफ्टिंग, जे तुम्ही एखाद्या वीकेंडला केलं असेल, ते याच वीजकेंद्रांतून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर चालतं. पाणी सुटलं नाही तर नदीत बोट ढकलत न्यावी लागेल.

म्हणजे विजेसाठी वळवलेलं पाणी आज कोकणपट्टीतल्या लाखो लोकांच्या नळाला येतं.

आणि दुसऱ्या बाजूला भीमेचं खोरं आहे. दौंड, इंदापूर, करमाळा, सोलापूर. दुष्काळ पडला की तिकडून मागणी होते की टाटांच्या धरणांचं पाणी पूर्वेला सोडा. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७० च्या दशकात या वळवण्यावर मर्यादा घातली. कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. सरासरी काढली तर वर्षाला ४२ टीएमसीच्या थोडं वर. तुलनेसाठी, उजनी धरणाचा उपयुक्त साठा साधारण ५३ टीएमसी आहे. सोलापूरकरांना या आकड्याचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

यात वलवणचा वाटा छोटा. पण सुरुवात इथून झाली.

मग पाणी सरळ पूर्वेला फिरवता येईल का? थोडंफार जमेल. पावसाळ्यात तलाव भरले की लोणावळ्याच्या धरणातून जादा पाणी इंद्रायणीत सोडतातच. ‘इंद्रायणीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा’ ही बातमी दर जुलै-ऑगस्टला येते ती त्यामुळे. पण उन्हाळ्यात जेव्हा सोलापूरला पाणी हवं असतं, तेव्हाच पनवेल आणि कल्याणलाही हवं असतं. एका बाजूचा व्हॉल्व्ह उघडायचा म्हणजे दुसऱ्या बाजूचा नळ बारीक करायचा. १९११ मध्ये हा प्रश्न इंजिनियरपुढे नव्हता, कारण दुसऱ्या बाजूला पिणारं फारसं कुणी नव्हतंच.

शंभर वर्षांच्या भिंतीची देखभाल

धरण बांधून झालं की इंजिनियरचं काम संपत नाही. किंबहुना बहुतेक इंजिनियरांचं आयुष्य यातच जातं. जलसंपदा खात्यात शाखा अभियंता म्हणून लागलेला माणूस उपअभियंता, कार्यकारी, अधीक्षक अशा पायऱ्या चढत जातो आणि त्यातली कितीतरी वर्षं गळती मोजण्यात, दरवाजांना ग्रीस लावून घेण्यात, पावसाळ्यात रात्री-अपरात्री पातळी कळवण्यात जातात. नवीन धरण आखायची संधी आता फार थोड्यांना मिळते.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार १५ मीटरहून उंच धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे, मालक सरकार असो की कंपनी. वलवण त्यात येतं. चुन्यातल्या जुन्या भिंतीतून किती पाणी झिरपतंय, दरवर्षी तेवढंच आहे की वाढतंय, झिरपणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे बघायचं. थोडी गळती प्रत्येक धरणाला असते. घाबरायचं ते गळती अचानक वाढली किंवा गढूळ झाली तर.

आणि आता या डोंगरात नवं काम येतंय. २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार केला. शिरवता येथे १८०० मेगावॅट आणि भिवपुरीला १००० मेगावॅटचे उदंचन प्रकल्प. दिवसा सौरऊर्जा स्वस्त आणि भरपूर असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, संध्याकाळी घराघरांत दिवे आणि एसी सुरू झाले की तेच पाणी पुन्हा खाली सोडायचं. डोंगराएवढी बॅटरी म्हणा हवं तर. जॉयनर यांच्या आराखड्यात पाण्याला एकच दिशा होती, खाली. नव्या आराखड्यात तेच पाणी रोज वर-खाली करणार आहे. पाताळगंगेत आणि उल्हासमध्ये रोज किती सोडायचं, हा हिशेब मात्र त्या पंपांच्या वेळापत्रकाबरोबर नव्याने बसवावा लागेल.